राब भाजल्याबिगर

चैत्र सरत आला की माझ्या शर्टाला धुराचा वास यायला लागतो.

मी राहतो मस्कतच्या बाहेर, कंपनीच्या कॅम्पात. इथं नजर जाईल तिथवर झाड नाही, की पेटवायला पातेरा, वाळला पालापाचोळा, नाही. शर्ट मशीनमध्ये धुतलेला, दोरीवर वाळवलेला, उन्हानं पापडासारखा कडक झालेला. तरी कॉलरला नाक लावलं की ऐनाचा पाला, शेण आणि तापलेली माती असा तिन्हींचा मिळून होणारा वास येतो. खोलीतल्या सोबत्याला एकदा शर्ट हुंगायला दिला. त्यानं हुंगला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "घरी फोन कर."

फोन मी रोजच करतो. काळजी हा माझा जुना धंदा. पासपोर्ट पेटीत आहे का, गॅस बंद केला का, बाबांचा खोकला कमी झाला का, घरामागची दरड ओली तर नाही ना. भर उन्हाळ्यात दरडीची चौकशी केली की आई हसते. "आरं, पाण्याचा टिपूस नाय, दरड कशानं वली व्हईल?"

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. हे दिवस तिथं राबाचे. माघ-फाल्गुनात ऐन-किंजळीच्या फांद्या छाटून त्यांचे भारे बांधून ठेवायचे. ते वाळले की भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, फांद्या, गवत, पातेरा असे थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. हा राब. मग डोंगराच्या एकेका सोंडेवर धुराचा एकेक खांब उभा राहतो. लहानपणी आम्ही पोरं नुसत्या धुरावरून ओळखायचो, आज कुणाचा राब.

राब म्हणजे काय ते मला जन्मात एकदाच कुणाला तरी समजावून सांगायचं होतं. तेव्हा मी सांगितलं नाही. त्या एका न सांगण्यामुळं हे लिहायला बसलो आहे.

माझी शाळा नववीत सुटली. वार्षिक परीक्षा नेमकी राबाच्या दिवसांत यायची. पहाटे बाबांबरोबर भारे वाहून, तोच शर्ट घालून मी डोंगर उतरून पेपरला जायचो. गणित गेलं, इंग्रजी गेलं, आणि जूनमध्ये मी शाळेकडं फिरकलोच नाही. बिरवाडीला चौघांत एक खोली घेतली, कारखान्यात पिंपं धुतली. पुढं महाडचे एक चाचा होते, त्यांचे ट्रक होते आणि भाऊ आखातात. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. विमानात बसलो तेव्हा खिशात शाळा सोडल्याचा दाखला होता. मी काय सोडलं एवढंच त्यावर लिहिलेलं. मला काय येतं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

ते पहिल्यांदा ओळखलं मुहंदिसनं.

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. नाव सगळ्यांना माहीत होतं, पण सगळी साइट त्यांना मुहंदिसच म्हणायची. लेबनॉनच्या डोंगरातले. बाप सफरचंदांची बाग करायचा. गावात लढाई आली तेव्हा हे कॉलेजात होते. शिक्षण परदेशात पुरं केलं, नोकरीला आखातात आले आणि हळूहळू स्वतःची कंपनी उभी केली. मी आलो तेव्हा ते मालक होते. तरी दुपारच्या उन्हात पायऱ्यांवरून, परांचीवरून एकटे फिरायचे. एकदा मी पाइपाच्या खाली टेकू म्हणून दगड रचत होतो. चुना नाही, सिमेंट नाही, आमच्याकडं शेताला गडगा घालतात तसं, दगडात दगड अडकवून. ते थांबले. गुडघ्यावर बसले. एक दगड हलवून बघितला. हलला नाही.

"कुणी शिकवलं?"

"बापानं, सर."

"मलाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ते मला नकाशा वाचायला शिकवू लागले. सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद फाडून त्यावर रेघा काढायचे. अखंड रेघ म्हणजे दिसणारी वस्तू, तुटक रेघ म्हणजे मागं दडलेली. मारुती हे माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना. ते "मारूफ" म्हणायचे. म्हणजे ओळखीचा. "मारूफ, ज्या रेघेचा अर्थ कळला नाही ती विचारल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. एक रेघ सुटली की भिंत चुकते." शाळेत मला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर माझा शर्ट तेव्हा धुरानं भरलेला असेल.

मी सुट्टीवर घरी असतानाच एका चैत्रात ते मुंबईला यंत्रं बघायला आले. फोन केला, "तुझ्या बापाचा गडगा बघायचा आहे." मला वाटलं चेष्टा. दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याची गाडी महाडवरून पोलादपूरला आली आणि पुढं रस्ता संपेपर्यंत वर. मी आईला म्हटलं, "आय, सायेब आला." आई म्हणाली, "येऊ दे की. भाकरी दोन जास्ती टाकते." माझी मात्र काळजी सुरू. संडास कसा, झोपायला काय, पाणी सोसेल का. तीन दिवस ते राहिले आणि तीन दिवस मी विहिरीचं पाणी दोनदा दोनदा उकळलं.

त्यांना कशाचंच काही वाटलं नाही. आई चुलीपुढं भाकरी थापायला बसली की ते मांडी घालून समोर बसायचे. तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर उभी केली, ती फुगली, की लहान पोरासारखे टाळी वाजवायचे. त्यांची आई उपड्या कढईसारख्या तव्यावर अशीच पातळ रोटी करायची म्हणे. आई मला म्हणाली, "इचार त्येला, त्याची आय हाय का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. आईनं पुढची भाकरी जरा मोठी थापली.

बाबांशी त्यांचं भाषेवाचून जमलं. वरच्या वाफ्याचा गडगा मागल्या पावसात ढासळला होता. दोघं तो रचायला बसले. बाबा दगड दाखवायचे, मुहंदिस मान हलवायचे, दुसरा उचलायचे. बाबांना तो पटायचा. संध्याकाळी बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिकलेला वाटत नाय रे तुझा सायेब. हात चालतो त्याचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन अंगणात आलो, तर मुहंदिस खांबाला धरून उभे होते. चेहरा राखेसारखा. समोरच्या डोंगरावर धूर, खालच्या वाडीवर धूर, घाटाच्या तोंडाशी धूर. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. सहा, सात.

"कोण मारतंय?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "कुणी नाही सर. शेतकरी. आम्हीच पेटवतो. शेतीसाठी."

ते खाली बसले. मी दिलेला चहा हातात तसाच. मग बोलले. लढाईच्या दिवसांत ते घराच्या गच्चीवर चढून असेच धुराचे खांब मोजायचे, आज कुठलं गाव गेलं ते बघायला. एका सकाळी मोजता मोजता लक्षात आलं की शेवटचा धूर आपल्याच बागेचा आहे. त्यानंतर ते डोंगर उतरले ते परत राहायला म्हणून गेले नाहीत.

बाबांनी लांबून विचारलं, "घाबारला काय रं सायेब?"

"नाय बाबा. चहा गरम लागला."

हे माझं पहिलं खोटं भाषांतर. त्याचं मला काही वाटत नाही.

दुसरं त्याच दिवशी दुपारचं.

बाबा आमच्या राबावर थर लावत होते. मुहंदिस नव्या गडग्यावर बसले होते. मी मध्ये उभा. ते म्हणाले, त्यांच्या खोऱ्यातली माणसं त्यांना बोलावतायत. निवडणुकीला उभे राहा म्हणतायत. तिथं वीज नाही, नळाला पाणी नाही, तुम्ही इंजिनिअर, तुम्ही पैसेवाले, तुम्ही कराल. कंपनी विकून जावं असं मनात आहे. इतकं सांगून ते माझ्याकडं वळले. "तुझ्या बापाला विचार. तीस वर्षांनी परत गेलेल्या माणसानं मत मागावं का?"

मी विचारलं. बाबांनी हातातला भारा खाली टाकला. असला प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता. ग्रामपंचायतीलाही कुणी त्यांचं मत विचारत नाही, नुसतं घेऊन जातात. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"तीस वरीस? जा म्हणावं. बापाची जमीन हाय, जायाचंच. पण सांग त्येला, राब भाजल्याबिगर पेरू नये. पयली दोन वरसं नुसता ऱ्हा म्हणावं तितं. लग्नाला जा, मयताला जा. कुणाचा गडगा पडला तर दोन दगुड उचल. माती तापू दे. मंग टाक काय बी टाकायचं त्ये. नायतर तण येतं रे, तणच येतं निस्तं."

मुहंदिस माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी जुळवाजुळव करू लागलो. राबाला माझ्याकडं शब्द नव्हता, अरबीत नाही, इंग्रजीत नाही, आमच्या कॅम्पातल्या खिचडी हिंदीतही नाही. भाजल्याबिगर. म्हणजे जाळल्याशिवाय? सकाळी धूर बघून खांबाला धरून उभा राहिलेल्या माणसाला मी कसं सांगू, की माझा बाप म्हणतो, आधी जाळा? आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. ज्यानं मला रेघन्‌रेघ शिकवली त्याच्यापुढं अडखळायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "बाबा म्हणतात, जा."

"इतकंच? ते खूप बोलले." मग ते थबकले. "एक शब्द मी ऐकला. रब. रब्ब म्हणाले ना ते?" त्यांनी बोट आभाळाकडं केलं.

अरबीत रब्ब म्हणजे परमेश्वर. इतकी वर्षं कॅम्पात रोज ऐकत होतो. त्या क्षणी मला सुटल्यासारखं झालं.

"येस सर. तेच. रब्बाशिवाय पेरू नये."

मुहंदिसचे डोळे भरून आले. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि बाबांपुढं मान झुकवली. बाबांनी समाधानानं मान डोलावली. "समाजला बघ. हुशार हाय." तिघंही खूश. वर झाडावर कोणी पाखरू असेल तर त्यालाही वाटलं असेल, काय छान बोलणं झालं.

मायदेशी जाण्याआधी महिनाभर मुहंदिसनी कंपनी विकली. नव्या मालकाकडं माझं काय होईल या काळजीनं माझी झोप उडाली होती. त्यांनी न मागता मला कागद लिहून दिला. हा माणूस नकाशा वाचतो, दगडाचं काम याच्यासारखं कुणाला येत नाही, याला फोरमन करा. खाली सही. शाळेच्या दाखल्याशेजारी तो मी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आहे. आजही माझ्या घरातली चूल त्या कागदावर पेटते. बहिणीचं लग्न, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, सगळं त्या चार ओळींतून आलं.

ते थेट निवडणुकीत उतरले. मला व्हिडिओ पाठवायचे. पांढरा शर्ट, खांद्यावर घेऊन नाचणारी माणसं, गच्चीवरून बायका त्यांच्या डोक्यावर तांदूळ उधळतायत. त्यातच एक भाषण होतं, हिंदुस्थानातला एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, रब्बाशिवाय पेरू नये. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी तो व्हिडिओ बाबांना दाखवला, आवाज बंद करून. बाबांनी डोळे बारीक करून बघितलं.

"ह्ये काय टाकतायत?"

"तांदूळ."

"तांदूळ रुजत नाय रे," बाबा म्हणाले. "भात पेरावं लागतं."

ते निवडून आले. त्यानंतरचे फोन शुक्रवारचे. इथं शुक्रवारी सुट्टी, हे त्यांना माहीत. आधी उत्साह असायचा. हा पाइप कुठून न्यायचा, तो पंप कसा बसवायचा, मी उगाच फोरमनसारखं हं हं करायचो. मग आवाज उतरत गेला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाहीत. देशातला पैसाच कागद झाला. वीज दिवसाला दोन तास, मग एक. आणि गावातली माणसं दारात येऊन ओरडायला लागली. "ते मला काय म्हणतात माहीत आहे, मारूफ? पाहुणा. आम्ही जळत होतो तेव्हा तू कुठं होतास, म्हणतात. त्यांचं चूक नाही. मी मत मागायला गेलो, त्याआधी तीस वर्षांत एकाही मयताला गेलो नव्हतो."

माझ्या कानाशी बाबांचा आवाज. लग्नाला जा, मयताला जा.

दर चैत्रात ठरवायचो, या शुक्रवारी सांगायचं. मग वाटायचं, आता कशाला? त्यांच्याकडं आधार म्हणून तेवढं एकच वाक्य उरलंय, ते तरी का काढून घ्या? आणि ते आपल्याला काय म्हणतील? ज्यांच्या उपकारावर माझं घर उभं आहे त्यांना मी फसवलं, हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकायचं? हे सगळं मी त्यांच्याच भल्याचं म्हणून स्वतःला सांगायचो. भीती होती. बाकी काही नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत त्यांचा शेवटचा फोन आला. ते म्हणाले, "तुझ्या बापाचं ते वाक्य मला त्याच्या भाषेत सांग. जसंच्या तसं."

मी सांगितलं. राब भाजल्याबिगर पेरू नये.

त्यांनी ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. मग ते एकेक शब्द लावू लागले, नकाशा लावावा तसा. "रब, देव. बिगर, ते आमच्याकडच्या 'बिगैर'सारखं लागतं, शिवाय. पेरू नये, पेरायचं नाही." थांबले. "मारूफ, मधे एक शब्द आहे. भाज. त्याचा अर्थ तू मला कधी दिला नाहीस."

"तो जरा मोठा आहे सर. पुढच्या शुक्रवारी नीट सांगतो."

ते हसले. किती दिवसांनी. "सांग. एक रेघ सुटलीय माझी."

बुधवारी त्यांच्या जुन्या ड्रायव्हरचा फोन आला. शहरातल्या इमारतीत सातव्या मजल्यावर ते एकटे राहायचे. भर दुपारी बाहेरून आले, वीज गेलेली, लिफ्ट बंद. पायऱ्या चढून निघाले. पाचव्या मजल्यावर शेजाऱ्यांना बसलेले दिसले, भिंतीला पाठ लावून. त्यांना वाटलं, दम खातायत.

हे मी वर्षभर बाबांना सांगितलं नव्हतं. काल आईनं फोन लावून दिला, व्हिडिओवाला. बाबा राबाजवळ उभे. ऐंशीच्या घरात आले, फोन उलटा धरतात, आधी अर्धा मिनिट नुसता त्यांचा कान दिसतो. मग धूर दिसला. आमचा राब, आणि मागं तो गडगा, एक दगड न हललेला.

"बघ," बाबा म्हणाले. "तुझ्या सायबाला फोटू धाड ह्यो. बसला व्हता न्हवं हितं? कसा हाय त्यो? भाजला का राब त्यानं?"

मग मी सगळं सांगितलं. रब्बाचं, हात छातीवर ठेवल्याचं, टाळ्यांचं, मधल्या शब्दाचं, पायऱ्यांचं. बोलताना एकदाही थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं बोललोच नसतो.

फोनमधून फक्त पाला तडतडल्याचा आवाज. मला वाटलं शिवी येईल. आली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे त्या मानसाला तू काय सांगितलंच नाय."

"नाय बाबा."

"मंग आता सांग."

"बाबा, ते गेले."

"ग्येला म्हनूनच सांग. मेलेल्या मानसाला भाषा आडवी येत नाय. आपल्या बोलीत सांग. मी हाय हितं."

जेवणाची सुट्टी होती. मी पत्र्याच्या सावलीत, हातात फोन धरून उभा. आजूबाजूला माणसं डबे सोडत होती. मी बोललो.

साहेब, राब म्हणजे देव नाही. तुम्ही ज्याच्यासमोर गडग्यावर बसला होता, तो जमिनीचा तुकडा. आणि मधला शब्द भाजणं. मला तेव्हा वाटलं त्याचा अर्थ जाळणं. मी चुकलो. तुमच्या बागेचं झालं ते जाळणं. भाजतात ती भाकरी. तुम्ही तीन दिवस माझ्या आईच्या चुलीपुढं बसून तेच बघत होता, टाळ्या वाजवत होता. मी नुसतं चुलीकडं बोट केलं असतं तरी तुम्हाला कळलं असतं. राब वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचा, म्हणजे आग सावकाश सरकते. वर माती असते म्हणून ज्वाळा दिसत नाही. खाली तण मरतं, माती शेकून निघते. मग लगेच पेरायचं नाही, साहेब. राख तशीच राहू द्यायची. कोंबड्या येतात उकरायला, त्या हाकलायच्या. तोवर लग्नाला जायचं, मयताला जायचं, कुणाच्या गडग्याचे दोन दगड उचलायचे. वाट बघायची.

फोनमध्ये धूर पांढरा होत चालला होता. बाबांनी घसा खाकरला.

"पुरं सांगितलंस?"

"पुरं, बाबा."